बलश्रीचा मुलगा

सिकंदराला कोणी शिकवले, हे शाळकरी पोरदेखील सांगेल. ॲरिस्टॉटलसारखा गुरू, तोही बापाने मुद्दाम बोलावून आणलेला. मिएझा नावाच्या गावी झाडांच्या सावलीत भरलेली शाळा. आणि इसवी सनापूर्वी ३४३ च्या सुमारास तिथे दाखल झालेला तेरा वर्षांचा राजपुत्र. पुढे स्वारीवर असताना हा शिष्य उशाखाली खंजिराशेजारी होमरच्या 'इलियड'ची गुरूने तपासून दिलेली प्रत ठेवीत असे, हेसुद्धा प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. त्याआधीचा मास्तर लिओनिडास. तो आईच्या नात्यातलाच, पण असा कडक, की आईने लेकासाठी काही गोडधोड दडवून ठेवले आहे की काय, हे पाहायला पोराच्या पेट्या आणि अंथरुणे उचकटून बघे. एकदा देवापुढे मूठमूठ धूप जाळणाऱ्या सिकंदराला तो म्हणाला, "धुपाचा मुलूख जिंकशील तेव्हा उधळ असा!" पुढे मुलूख जिंकल्यावर शिष्याने धुपाचे ढीगच्या ढीग म्हाताऱ्याला पाठवून दिले. मास्तरांचे बोल विद्यार्थी विसरत नाहीत, एवढे खरे.

जेत्यांनाही नशीब लागते. ज्याला चांगला चरित्रकार मिळाला त्याचे बालपण शिल्लक राहिले. ज्याला नाही मिळाला तो इतिहासात एकदम घोड्यावर बसूनच प्रवेश करतो. आमच्या संभाजीनगरपासून दक्षिणेला पन्नास किलोमीटरवर गोदावरीच्या काठी असाच एक जेता होऊन गेला. त्याचा घोडा दिसतो, धनुष्य दिसते, जिंकलेल्या देशांची लांबलचक यादी दिसते. त्याला पहिले अक्षर कोणी गिरवायला लावले, हे मात्र कोणत्याच पोथीत नाही. तो जेता म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, आणि ते गाव म्हणजे पैठण, त्या काळचे प्रतिष्ठान.

पैठण म्हटले की आपल्याला नाथमहाराज आठवतात, पैठणी आठवते, आणि अलीकडच्या माणसांना जायकवाडीचे धरण. पण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापाऱ्यांच्या वहीत हे गाव भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरची पेठ म्हणून नोंदलेले होते. इथून गाड्या भरभरून किमती खडे समुद्राकडे जात. अशा नांदत्या राजधानीत एक राजपुत्र वाढला, म्हणजे त्याच्यासाठी पंतोजी, तालीम, घोड्यांचा शिक्षक हे सारे असणारच. त्यांची नावे तेवढी गेली.

ह्या विषयाकडे मी वळलो तो आमच्या शेजारच्या सूनबाईंमुळे. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. सकाळी कराटे, दुपारी शाळा, संध्याकाळी अबॅकस, आणि रविवारी यंत्रमानव तयार करण्याचा वर्ग. मी सेवानिवृत्त माणूस, इतिहासाची पुस्तके वाचणारा; म्हणून त्यांनी मला विचारले, "काका, ही जी मोठी माणसं झाली ना, त्यांच्या घरचे लहानपणी त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायचे हो?" प्रश्न साधा होता, आणि त्यातली काळजी खरी होती. मी म्हटले, "सिकंदराचे सांगू शकेन, पण आपल्या पैठणच्या राजाचे शोधावे लागेल." त्या म्हणाल्या, "शोधाच मग."

शोधू लागलो तेव्हा प्रथम हाती आल्या त्या गोष्टी. लोक इतिहास विसरतात, पण रिकामी जागा तशी ठेवीत नाहीत; तिथे एखादी गोष्ट आणून बसवतात. पैठणच्या शालिवाहनाची गोष्ट चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी ह्या जैन आचार्याने लिहून ठेवली आहे. परगावचे दोन ब्राह्मण भाऊ आपल्या विधवा बहिणीला घेऊन प्रतिष्ठानात येतात आणि एका कुंभाराच्या घरी उतरतात. गोदावरीच्या डोहातला नागराज त्या बहिणीवर मोहित होतो आणि तिला मुलगा होतो. भाऊ लाजेने निघून जातात. आई आणि पोर कुंभाराच्या आसऱ्याने राहतात. पोर राजा-राजा खेळते, मातीचे हत्ती, मातीचे घोडे आणि रथ करते आणि सवंगड्यांना देऊन टाकते. वाहने देणारा म्हणून त्याचे नाव सातवाहन पडले, असे त्या कथेचे म्हणणे. पुढे उज्जैनचा विक्रमराजा चालून येतो, तेव्हा त्याच मातीच्या सैन्यात प्राण येतो आणि पैठण वाचते.

दिवाळीच्या सुट्टीत मराठी मुलुखातली पोरे अंगणात किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात आणि मातीचे मावळे उभे करतात. हे मावळे रात्री आपापसांत बोलत असतील अशी लहानपणी माझी खात्री होती. पैठणच्या त्या पोराची कथा रचणाऱ्यालाही ती असावी.

ह्याच गोष्टीत एक वाटणीचा खटलाही आहे. चार भाऊ, बाप मरताना चार हंडे ठेवून जातो. एकात सोने, एकात काळी माती, एकात भुसा, एकात हाडे. भाऊ भांडत भांडत विक्रमाच्या दरबारात जातात, पण तिथे निकाल लागत नाही. कुंभारवाड्यात खेळणारे पोर मात्र चुटकीसरशी सांगते: ज्याला सोने आले त्याचे सोने, माती आली त्याची शेते, भुसा आला त्याचे धान्य, हाडे आली त्याची गुरेढोरे. मी महसूल खात्यात अडतीस वर्षे नोकरी केली. वाटण्यांचे कज्जे इतके पाहिले आहेत, की ह्या पोराला नमस्कार करावासा वाटतो.

दुसरी गोष्ट अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरातली, आणि ती तर दिवाळीच्या फराळाच्या ताटातच शोभेल अशी. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत असतो. पाण्याचा मारा सोसेना तेव्हा एक विदुषी राणी संस्कृतात म्हणते, मला पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' ह्यांचा संधी होऊन शब्द होतो 'मोदकैः'. राजाला संधी कुठला ठाऊक! तो घाईघाईने मोदकांची ताटे मागवतो. राणी हसते, दासी हसतात. राजा शरमेने खाणेपिणे सोडतो आणि व्याकरण शिकल्याशिवाय तोंड दाखवायचे नाही असे ठरवतो. गुणाढ्य म्हणतो, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. शर्ववर्मा पैज जिंकतो, आणि जिच्या जोरावर जिंकतो ती सुटसुटीत व्याकरणपद्धती कातंत्र म्हणून प्रसिद्ध होते. झटपट वर्गांची आपल्याकडची परंपरा किती जुनी आहे पाहा!

ह्या कथा सूनबाईंना सांगितल्या तेव्हा त्यांना आवडल्या. पण त्या हुशार. म्हणाल्या, "हे सगळं झालं गोष्टीतल्या राजाचं. खऱ्याचं काय?"

खरी अडचण तिथेच होती. सातवाहनांचे घराणे काही शतके टिकले. लोकांनी त्या साऱ्या राजांचा मिळून एकच राजा केला, त्याला शालिवाहन म्हटले, आणि इसवी सन ७८ मध्ये सुरू झालेला शकही त्याच्याच नावावर लावून टाकला. आपल्या पंचांगात तो अजून चालतो. गौतमीपुत्र सातकर्णी हा ह्या घराण्यातला सर्वांत पराक्रमी पुरुष. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्या आधी क्षहरात घराण्यातल्या नहपान नावाच्या शक क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा टापू बळकावला होता. गौतमीपुत्राने तो परत मिळवला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, शत्रूचा मुखवटा पुसला नाही. नुसता वरून आपला शिक्का मारला. काही नाण्यांवर दोन्ही राजे एकमेकांच्या अंगावरून डोकावतात.

आता ह्या राजाचे लहानपण. त्याची साक्ष द्यायला एकच साक्षीदार उरला आहे, पण तो असा की कोणत्याही न्यायालयात उलटतपासणी करणाऱ्याची जीभ अडखळावी. ती त्याची आई.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे जुन्या त्रिरश्मी डोंगरावर, तिसऱ्या क्रमांकाचे लेणे आहे. पायऱ्या चढून दम लागलेला असतो. समोर खांबांची ओळ दिसते, आणि खाली जमिनीतून अर्धे बाहेर आलेले सहा धिप्पाड पुरुष सारे लेणे खांद्यावर पेलून धरल्यासारखे दिसतात. ते पाहून आपला दम आपल्याला थोडा लहान वाटू लागतो. आत व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर अकरा ओळींचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी ह्या लेण्यांतले लेख वाचले, नाहीतर आपण ते नुसते ओरखडे समजून पुढे गेलो असतो.

लेखाचा काळ स्पष्ट दिला आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाचे एकोणिसावे वर्ष. उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. त्या दिवशी महादेवी गौतमी बलश्रीने हे लेणे बौद्ध भिक्षूंना दिले. ती स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी करून देते. नातू गादीवर आहे. मुलगा जाऊन वर्षे लोटली आहेत. आणि दान देण्याच्या निमित्ताने ही म्हातारी आपल्या गेलेल्या मुलाविषयी दगडावर बोलू लागते.

काय काय बोलते! तो अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, विदर्भ अशा देशांचा स्वामी होता. विंध्य, सह्य, मलय, महेंद्र ह्या पर्वतांचा धनी होता. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. शक, यवन, पह्लव ह्यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचे मूळच उपटले, सातवाहन कुळाचे गेलेले यश परत आणले. हे झाले दरबारी भाटाने लिहावे तसे. पण वाचता वाचता आवाज बदलतो. त्याचा चेहरा सूर्याने उमलवलेल्या कमळासारखा होता. चाल हत्तीसारखी ऐटदार होती. भ्यालेल्यांना अभय देताना सोडलेल्या पाण्याने त्याचा हात सदा ओला असे. प्रजेच्या सुखात तो सुखी आणि दुःखात दुःखी होई. कर घेई तो न्यायाने घेई. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे. ब्राह्मणांचे संसार जसे त्याने वाढवले तसे खालच्या लोकांचेही वाढवले. तो शास्त्रांचे घर होता. आणि आईची सेवा करण्यात त्याने कधी खंड पडू दिला नाही.

शिक्षणाविषयी ह्या लेखात आहे ते एवढेच: शास्त्रांचे घर, अद्वितीय धनुर्धर, चांगल्या वागणुकीचा उगम. गुरूचे नाव नाही, पोथीचे नाव नाही. पण यादी पुन्हा वाचली तेव्हा मला वाटले, की शिक्षणाविषयी ह्याहून जास्त काय सांगायचे असते? प्लुटार्क सांगतो सिकंदर काय वाचत होता ते. बलश्री सांगते, शिकून झाल्यावर मुलगा कसा वागला ते. एक प्रवेशाचा दाखला आहे आणि दुसरा निकालाचा.

आईचा दाखला म्हटल्यावर त्यात माया येणारच, आणि आंधळेपणाही येणार. ज्या लेखात अपराधी शत्रूवरही दया आहे, त्याच लेखात एका घराण्याचा निःशेष उच्छेदही आहे. आणि दोन्ही सारख्याच अभिमानाने सांगितलेले आहेत. मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असेही ती मोठ्या समाधानाने सांगते. गंमत अशी, की पुढे ह्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी एका शक महाक्षत्रपाची मुलगी होती. कान्हेरीच्या लेखात ते लिहिलेले आहे. ज्या शकांना संपवल्याचा आजीला अभिमान, त्यांच्यातलीच सून घरात आली. घरात काय शिकवले जाते आणि घर पुढे काय करते, ह्यांत एवढे अंतर राजाच्या घरीही पडते.

म्हणून आईच्या शब्दावर सारे सोपवू नये असे मला वाटले. माझ्या नोकरीने मला एक खोड लावली आहे. माणसाची स्तुती ऐकली की मी त्याचे कागद पाहतो. आणि सुदैवाने गौतमीपुत्राचे कागद त्याच लेण्यात भिंतीवर कोरलेले आहेत.

एक हुकूम त्याच्या अठराव्या वर्षाचा आहे. विजयी सैन्याच्या तळावरून काढलेला. गोवर्धनच्या अमात्याला तो कळवतो, की आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत डोंगरावरच्या भिक्षूंना दिले आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. लढाईची धूळ खाली बसते न बसते तोच राजा सातबाऱ्याला हात घालतो, हे मला फार मनापासून पटले. पण त्याहून मोलाचा हुकूम चोविसाव्या वर्षाचा. त्यात म्हटले आहे, की ककडी गावचे जे शेत आम्ही पूर्वी दिले होते ते कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. तेव्हा त्याच्या बदली शहराच्या शिवेवरच्या आमच्या खास जमिनीतली शंभर निवर्तने देण्यात येत आहेत. शिवाय त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अधिकाऱ्यांनी त्रास देऊ नये, अशा सवलती लिहिल्या आहेत. लेखाशी लोटा नावाच्या प्रतिहारीचे नाव जोडलेले आहे. म्हणजे राजाच्या दारी ह्या कामाला एक बाई होती.

ज्यांनी कधी जमिनीचे काम सरकारात केले असेल त्यांनाच ह्या हुकुमाची किंमत कळेल. दिलेली जमीन नापीक निघाली म्हणून वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत. कागदावर जमीन मिळालेली असते, म्हणजे सरकारच्या मते प्रश्न मिटलेला असतो. इथे तीन समुद्रांचा धनी म्हणतो, आम्ही दिले ते उपयोगाचे नव्हते. हे घ्या आमच्यातले. हे मन कुठल्या गुरुकुलात तयार झाले असेल?

हुकुमाच्या सुरुवातीला पाहावे. तो एकट्या राजाचा नाही. राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि महादेवी राजमाता, अशा दोघांच्या नावाने तो निघाला आहे. आणि राजमातेच्या नावाला एक विशेषण आहे: 'जीवसुता'. जिचा मुलगा जिवंत आहे ती.

मी पुष्कळ वेळा हा शब्द मनाशी उच्चारून पाहिला आहे. बिरुदे लोकांना किती असतात. देशांची, विजयांची, विद्येची. ह्या बाईला मिळालेले बिरुद हे, की तिचे मूल हयात आहे. आणि त्याच लेण्यात, काही पावलांवर, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीच्या लेखात ते बिरुद नाही. तिथे ती राजाची आई आणि राजाची आजी आहे, तिच्या तपाचे, उपवासांचे, सत्यप्रियतेचे, क्षमेचे वर्णन आहे. मधला शब्द गळून पडला आहे. दगडावर काही पुसलेले नाही. नुसते पुन्हा लिहिले नाही.

आमच्या घरातही एक असा शब्द होता. माझे वडील १९५८ साली गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पैठणच्या रस्त्यावर आमची थोडी कोरडवाहू जमीन होती. तिच्यावर वारसांची नोंद झाली, आणि आम्हा तिघा भावंडांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असा शेरा पडला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे अर्थात आम्ही मुले, आणि पालनकर्ती अठ्ठावीस वर्षांची, मराठी चौथी शिकलेली, शिलाईचे यंत्र चालवणारी आमची आई. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव होते, प्रमाणपत्रांवर वडिलांचे नाव होते, नोकरीच्या हुकुमावर वडिलांचे नाव होते. ज्यांचा चेहरा मला नीट आठवतही नव्हता. ती आपल्याला वाढवते आहे, एवढे सरकारला ठाऊक असल्याचा पुरावा म्हणजे तो तीन अक्षरांचा शेरा. १९७० साली मी अठरा वर्षांचा झालो. सज्ञान झाल्यावर शेरा कमी करून घ्यायचा, हा नियम. रीतसर अर्ज दिला, शेरा कमी झाला. मी घरी येऊन सांगितले तेव्हा आई मशीनवर होती. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "म्हणजे मी सुटले का आता?" आणि हसली. मग पुन्हा पाय चालू झाला.

तिने आम्हाला शिकवले म्हणजे काय शिकवले, ह्याचा मी पुष्कळदा हिशेब मांडतो. पाढे शाळेने शिकवले. तिने शिकवलेली एक गोष्ट दिवाळीची आहे. फराळाचे असे कितीसे असायचे! डब्यातल्या करंज्या, चकल्या आम्हा तिघांत वाटायच्या. ती स्वतः कधी वाटीत नसे. आळीपाळीने आमच्यापैकी एकाला वाटायला लावी, आणि नियम असा, की जो वाटेल त्याने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. चकली मोडताना हाताला काय सावधपणा यायचा! तिन्ही तुकडे डोळ्यांनी तोलून पाहायचे, कारण लहान तुकडा आपल्याच वाट्याला येणार. पुढे अडतीस वर्षे मी शेतांच्या हद्दी, हिस्से आणि नुकसानभरपाया ह्यांची कामे केली. प्रशिक्षणात नियमावल्या पाठ केल्या त्या बदलत गेल्या. चकलीचा नियम तेवढा कधी रद्द झाला नाही.

न्यायाने कर घेई, हे बलश्रीचे शब्द मी वाचले तेव्हा मला उगीचच त्या महालातला एखादा फराळाचा डबा दिसला. राजवाड्यातल्या आयांना चकल्या मोजाव्या लागत नसतील. पण वाटणारा शेवटी घेतो, हे कोणीतरी त्या पोराला सांगितले असावे. ककडीचे ओसाड शेत बदलून आपल्या खास जमिनीत हात घालायला लावणारे काहीतरी त्याच्यात होते, आणि त्या हुकुमावर शेजारी आईचे नाव होते. ह्याहून जवळचा पुरावा दोन हजार वर्षांनी कुठून आणावा?

एक मात्र नीट सांगितले पाहिजे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावे पाहून पुष्कळांना वाटते, की सातवाहनांच्या घरी बायकांचे राज्य होते. तसे नव्हते. गादी बापाकडूनच मुलाकडे जाई. आईच्या कुळगोत्राचे नाव मुलाला लावायची रीत तेवढी होती. सासू गौतमी, सून वासिष्ठी, म्हणून बाप गौतमीपुत्र आणि मुलगा वासिष्ठीपुत्र. पण रीत असली तरी रीतीतून काही उरते. बलश्रीच्या त्या अकरा ओळींत नाभाग, नहुष, सगर, ययाती अशा पुराणातल्या राजांची नावे आहेत, पर्वतांची आहेत, देशांची आहेत. मुलाच्या बापाचे नाव नाही. तिचे स्वतःचे मात्र आहे, गोत्रासकट आणि पाळण्यातल्या नावासकट. माझ्या दाखल्यांची घडी जणू कोणी उलटी घातली आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये निर्णय केला, की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदांत आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशी लिहायची. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मला नात झाली. मुलाने घरी कागदावर तिचे पूर्ण नाव लिहून दाखवले. चार शब्दांचे नाव. माझ्या सुनेचे नाव माझ्या मुलाच्या नावाच्या आधी. सून ते वाचून काही बोलली नाही. कागद पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिला इतकेच. मुलगा म्हणाला, "बाबा, फॉर्मवरच्या चौकोनात मावायचं नाही हे." मी म्हटले, "चौकोन मोठा करतील. ते सरकारचे काम आहे." माझी आई हे पाहायला नव्हती. असती तर तिने आधी विचारले असते, की ह्याला वेगळी फी पडते का.

नातवाविषयीही बलश्रीच्या लेखात एक गोड गोष्ट आहे. पुळुमावीने आजीला संतोष वाटावा म्हणून आणि बापाच्या पुण्यासाठी त्या लेण्याला पिसाजिपदक नावाचे गाव इनाम दिले. डोंगराच्या नैर्ऋत्येचे गाव. आजीने लेणे दिले, नातवाने त्याच्या खर्चाची सोय केली. आजीचे मन राखायला शिकलेला नातू, हासुद्धा त्या घरच्या शिक्षणाचा भाग म्हणायला हरकत नाही. आणि ते शिक्षण देताना बापाने नातवासमोर स्वतःच्या आईशी कसे वागून दाखवले असेल, हे तर त्या लेखातच आले आहे.

सूनबाईंना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि यंत्रमानवाचा वर्ग काही बंद केला नाही. करायचे कारणही नव्हते. पैठणच्या पोराने हत्ती-घोडे केले, ह्याने यंत्रमानव करावे. फक्त परवा त्यांच्या घरून फराळाचे ताट आले ते तो पाचवीतला मुलगा घेऊन आला होता, आणि पाठीमागून त्यांचा आवाज आला, "आधी आजोबांना दे, मग आपल्या घरचं बघू."

बलश्रीच्या त्या यादीत, राम, केशव, अर्जुन ह्यांच्याशी केलेल्या तुलनांच्या गर्दीत, एक लहानसे वाक्य आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते फारसे कोणी सांगत नाही, कारण त्यात ना लढाई ना देश. तिचा मुलगा सण-उत्सव आणि लोकांचे मेळे मोठ्या हौसेने, हात न आखडता साजरे करीत असे, असे तिने कोरून घेतले आहे. दान द्यायला ती डोंगरावर आली त्याच्या आधीच्या वर्षांत पैठणला किती सण त्याच्यावाचून गेले असतील. दिवे लागले असतील, मेळे भरले असतील, नातू राजवस्त्रे घालून बसला असेल. आणि नऊ देश, अकरा पर्वत, तीन समुद्र कारागिराला सांगून झाल्यावर म्हातारीला आठवले असेल, की अरे, सणाच्या दिवशी तो कसा असायचा, हे राहिलेच लिहायचे.